सख्ख्या भावाशी जोड लावू का? एका कारवानी कुत्रीच्या मालकाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: 'मी चाकूर तालुक्यातला शेतकरी. माझ्याकडे पावणेदोन वर्षांची कारवानी जातीची कुत्री आहे, पंधरा-वीस दिवसांत माजावर येईल असं वाटतं. तिच्याच वेतातला एक भाऊ शेजारच्या गावात आहे. माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात त्याचा नंबर आला होता. सगळे म्हणतात, त्याच्याशीच जोड लाव, रक्त शुद्ध राहील आणि पिल्लांना भाव येईल. तो नसेल तर तिचा बाप आहे, तोही नावाजलेला. त्याच वेतातला दुसरा एक भाऊ माझ्या चुलत्याकडे आहे. तो हल्ली दिवस मावळला की बाजेला, दारवठ्याला धडकतो. दिवसा त्याला काही त्रास नाही. याचा माझ्या कुत्रीशी काही संबंध आहे का? आणखी एक. लातूरला माझ्या मेव्हण्याकडे लॅब्रेडॉर नर आहे. पळताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, उठताना जड जातं. जोडीसाठी त्याला मागणी येते आहे. द्यावा का?'

चुलत्याच्या कुत्र्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझी नजर तिथेच अडकली. म्हणून उत्तर आधी देतो: या माजाला जोड लावू नका. भावाशी नको, बापाशी नको आणि बाहेरच्या नराशीही नको. आधी त्या धडकणाऱ्या कुत्र्याचे डोळे दाखवून घ्या. तुमची कुत्री पिल्लं देण्यालायक आहे की नाही, हे त्याच्या डोळ्यांवर ठरणार आहे.

संबंध कसा, ते सांगतो. जनावराच्या शरीरातल्या प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि या सूचना म्हणजे जनुकं त्यांवर मांडलेली असतात. पुष्कळ आजार असे आहेत की एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. असं कुत्रं जन्मभर ठणठणीत राहतं, पळतं, प्रदर्शनात नंबर काढतं. पण बिघडलेली प्रत त्याच्या अंगात असतेच आणि निम्म्या पिल्लांना ती जाते. अशा जनावराला वाहक म्हणतात. दोन वाहकांची जोड लागली की सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात, आणि आजार त्या पिल्लात उघडा पडतो.

दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा, हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याला पीआरए म्हणतात. त्याचे बहुतेक प्रकार याच रीतीने येतात. त्यात आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, दिवसाची नजर पुढे जाते. चुलत्याच्या कुत्र्याला हाच आजार निघाला तर त्याचा अर्थ काय होतो बघा. त्याला एक बिघडलेली प्रत आईकडून आली आणि एक बापाकडून, म्हणजे दोघंही वाहक ठरले. मग तो नावाजलेला बाप कितीही देखणा असो, तो नक्की वाहक. आणि त्या वेतातली जी भावंडं निरोगी दिसतात, त्यांच्यापैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता तीनातली दोन. लोकांना वाटतं निम्मी असेल, पण आजारी पिल्लू बाजूला काढलं की उरलेल्या तीन वाट्यांपैकी दोन वाहकांचे असतात. तुमची कुत्री त्याच हिशेबात बसते.

आता जोडीचा हिशेब. भावाशी लावली तर दोघंही वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे नवातली चार. तसे असले तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी. म्हणजे प्रत्येक पिल्लामागे नवातला एक धोका. बापाशी लावली तर तो नक्की वाहक असल्याने हाच धोका सहातला एक होतो. भाऊ नको तर बाप, असा पर्याय तुम्ही मनात धरला होता. या बाबतीत बाप जास्त वाईट आहे.

दर वेळी यावर एकच उत्तर येतं, 'डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी घरातल्या घरात जोड लावली होती, सहाही पिल्लं चांगली निघाली.' निघू शकतात. नर-मादी दोघंही नक्की वाहक असले तरी सहा पिल्लांचं अख्खं वेत निरोगी निघण्याची शक्यता शंभरात जवळपास अठरा असते. एक वेत चांगलं गेलं म्हणजे रक्त स्वच्छ, असं होत नाही. त्या वेतातली बरीच पिल्लं वाहक म्हणून चार गावांत गेलेली असतात. दहा वर्षांनी त्यांची नातवंडं पुन्हा एकमेकांशी जोडली जातात, आणि तेव्हा मालक म्हणतो, हे कुठून आलं, आमच्याकडे तर कधीच नव्हतं.

तरीही चुलत्याच्या कुत्र्याला पीआरएच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. आपल्याकडे गोचीड उदंड, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो, सूज येते, दृष्टिपटल सुटतं. मोतीबिंदू असू शकतो, मधुमेहानेही तो होतो. यातलं काही निघालं तर तुमच्या कुत्रीवर त्याचा डाग नाही. घरी दोन गोष्टी बघता येतील. खोलीत मंद दिवा ठेवा, त्याच्या ओळखीच्या वाटेवर पाटी, घमेलं, खुर्ची असं काहीबाही मांडा आणि त्याला हाक मारा. मग लख्ख उजेडात तेच करा. दोन्ही वेळचं मोबाईलवर चित्रण करून ठेवा. दुसरं, रात्री बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे बहिणीच्या डोळ्यांपेक्षा जास्त चमकतात का आणि बाहुल्या मोठ्याच राहतात का, ते बघा. पीआरएमध्ये असं दिसतं. पण यावर निदान करायचं नाही. बाहुली मोठी करून दृष्टिपटल बघणारा डॉक्टर लागतो. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, परभणीचंही आहे. आधी फोन करून डोळ्यांची तपासणी कोणत्या दिवशी होते ते विचारा, मगच गाडी काढा.

आता 'शुद्ध रक्त' या शब्दाबद्दल, कारण सगळं नुकसान या शब्दापोटी होतं.

आपल्या भागाला कारवानीचं वेड आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. जानवळ तुमच्याच तालुक्यातलं, तिथल्या कुत्र्यांचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. गुळगुळीत केसांची कारवानी आणि कानाशेपटीला झालर असलेली पश्मी, ही जनावरं आपल्या माळरानाने घडवली आहेत. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि उन्हातान्हात टिकणारं शरीर. ससे धरायला ती पाळली जायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला आणि आता ती शेत, आखाडा आणि घर राखतात. पूर्वी निवड कामावर व्हायची. ज्याला संध्याकाळी दिसत नाही ते कुत्रं शिकारीत मागे पडायचं आणि त्याच्याकडून कोणी पिल्लं घ्यायचं नाही. आता निवड फोटोवर होते, लांब मान आणि निमुळतं तोंड बघून. जुनी चाळणी गेली, नवी आली नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी देवणी जनावरं असतील. वानेरा, बालंक्या, शेवेरा हे रंगावरून कोणीही ओळखतं. पण गाईला वळू दाखवायचा तर जाणता माणूस रंगावर थांबत नाही. वळूची आई किती दूध द्यायची, कासेला कशी होती, त्याच्या पाठच्या भावाने औत कसं ओढलं, हे विचारतो. आणि स्वतःच्या गाईला तिचाच गोऱ्हा लागू नये म्हणून वळू वेळेवर बदलतो. हीच माणसं कुत्र्याच्या बाबतीत भाऊ-बहिणीची जोड लावतात आणि त्याला शुद्धता म्हणतात, हे मला अजून पटत नाही. जे ज्ञान गोठ्यात आहे तेच ओसरीवर वापरायचं आहे.

सख्ख्या भावाबहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लात सरासरी २५ टक्के जनुकजोड्या अशा होतात की दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीची नक्कल असतात. सावत्र भावंडांच्या जोडीत हे साडेबारा टक्के, चुलत किंवा मामे भावंडांत सव्वासहा. नकला जुळल्या की लपलेले दोष वर येतात, आणि नुसते नाव असलेले आजारच येतात असं नाही. वेत लहान होतं, पिल्लं जन्मतः नाजूक निघतात, पहिल्या आठवड्यात दगावतात, कुत्री गाभण राहायला त्रास देते. मालक म्हणतो नजर लागली. वही काढून आजोबांची नावं लिहायला लावली की दोन्हीकडे एकच नाव निघतं.

बाहेरचं रक्त आणलं की जात बिघडते, या भीतीला एक खरी घडलेली गोष्ट उत्तर देते. डाल्मेशियन नावाची ठिपक्यांची जात आहे. या जातीच्या सगळ्याच कुत्र्यांत एक जनुक बिघडलेलं होतं, त्यामुळे लघवीत युरिक आम्ल जास्त यायचं आणि कित्येक नरांना मूतखडे व्हायचे. जातीच्या आत चांगली प्रत उरलीच नव्हती, त्यामुळे आतल्या आत कितीही निवड केली तरी उपयोग नव्हता. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने एकदाच, एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावली आणि लघवी तपासून चांगली प्रत असलेली पिल्लं पुढे नेली. काही पिढ्यांत ती कुत्री दिसायला डाल्मेशियनच झाली, फक्त त्या दोषाविना. जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबला हे मान्य करायला २०११ उजाडलं. इतकी वर्षं वाद चालला तो शुद्धतेवरच.

कारवानीत तर बाहेरच्या जातीकडे जायचीही गरज नाही. पलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, तिथली मुधोळ हाउंड आणि आपली कारवानी यांची चण एकाच घराण्याची. आपल्याच मराठवाड्यात वेगवेगळ्या तालुक्यांत वेगळ्या घराण्यांची कुत्री आहेत. पन्नास-साठ किलोमीटर जायची तयारी पाहिजे, एवढंच.

प्रदर्शनात नंबर आलेल्या नराची अडचण वेगळी आहे, आणि इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड नर येत असे. देखणा, शांत, आज्ञाधारक. कोणी जोडीसाठी विचारलं की मी त्याचंच नाव सुचवायचो. चार वेतं झाली. तो तीन वर्षांचा झाला आणि एका पहाटे त्याला फिट आली. मग महिन्याला एक, नंतर आठवड्याला. सगळ्या तपासण्या केल्या, दुसरं कारण सापडलं नाही. अशी अपस्मारासारखी फिट बहुतेकदा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होते आणि जर्मन शेफर्डमध्ये ती घराण्यातून येते. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या पिल्लांपैकी तिघांचे मालक तीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले. त्यातल्या एका घरी लहान मुलगी होती. कुत्रं तडफडताना बघून ती किती घाबरायची ते तिची आई सांगत होती, आणि तो नर मीच सुचवला होता हे त्यांना सांगायला मला दोन भेटी लागल्या.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. लहान वयाचा नर सुचवत नाही. दीड वर्षाच्या नराने अजून काहीच सिद्ध केलेलं नसतं. पाच-सहा वर्षांचा नर धडधाकट असेल, त्याची नजर, सांधे, हृदय चांगलं असेल, तर तो स्वतःच्या शरीराने पुरावा देतो. डॉबरमनमध्ये हृदय पसरून निकामी होण्याचा आजार बहुतेकदा मध्यम वयात दिसतो. तोवर तरुणपणी वापरलेला नर आजोबा झालेला असतो. दुसरं, एकाच नराचा पंचक्रोशीभर वापर होऊ देत नाही. चांगल्या नराकडेही दोन-चार लपलेले दोष असतातच, कोणतंच जनावर त्याला अपवाद नाही. एकच नर सगळीकडे गेला की पुढच्या पिढीत जिकडे बघावं तिकडे सावत्र भावंडं, आणि मग कोणी ठरवून नाही तरी नात्यातच जोडी लागते. तुमच्या भागात एखाद्या नंबरवाल्या नराच्या दारात दर महिन्याला गाड्या लागत असतील, तर त्या रांगेत उभं न राहणं हेच शहाणपण.

नर निवडताना मी मालकाला नराबद्दल कमी आणि त्याच्या नात्याबद्दल जास्त विचारतो. भावंडं किती होती, आज किती जिवंत आहेत, कोणाला काय झालं? आई कितव्या वर्षी गेली आणि कशाने? आधीच्या पिल्लांच्या मालकांचे फोन नंबर आहेत का? ज्याच्याकडे ते नंबर आहेत आणि जो न अडखळता देतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. सोयरीक जुळवताना आपण चार घरी चौकशी करतो ना? केनेल क्लबचा कागद आईबापांची नावं सांगतो. त्या आईबापांना दिसत होतं का, हे तो सांगत नाही.

आता मेव्हण्याचा लॅब्रेडॉर. मागचे दोन्ही पाय जोडून उचलणं, उठायला जड जाणं, ही खुब्याचा सांधा सैल असल्याची लक्षणं आहेत. हिप डिस्प्लेजिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, घासत राहतो आणि पुढे संधिवात होतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा वजनदार जातींत हा फार दिसतो. तो एका जनुकाचा खेळ नाही, बऱ्याच जनुकांचा मिळून आहे, त्यामुळे वर सांगितलेला चारातला एक असा सरळ हिशेब इथे चालत नाही. दोन चांगल्या खुब्यांच्या आईबापांना खराब खुब्याचं पिल्लू होऊ शकतं, फक्त प्रमाण कमी होतं. हलकी भूल देऊन, पाय सरळ ताणून क्ष-किरण फोटो काढावा लागतो. जोडीचा निर्णय घ्यायचा तर दोन वर्षं पूर्ण झाल्यावरचा फोटो धरावा. फोटोत सांधा खराब निघाला तर मागणी कितीही येवो, नर द्यायचा नाही. मेव्हण्यांना हे सांगणं तुम्हाला अवघड जाईल, तर फोटो घेऊन माझ्याकडे पाठवा, मी सांगेन.

पण इथे रक्तावर सगळा दोष टाकून मालक मोकळा होतो, तेही खरं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांचा जन्मभर पाठपुरावा केला गेला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं. कमी खाणारी कुत्री सुमारे १.८ वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या खुब्यांचा संधिवात उशिरा आणि कमी झाला. आपल्याकडे उलट चालतं. पिल्लू गोलगरगरीत दिसलं की घरच्यांना समाधान. त्यात वर कॅल्शियमचं औषध, कोणी तरी सांगितलं म्हणून. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, ते हाडांच्या वाढीत बिघाड करतं. चांगला तयार आहार चालू असेल तर कॅल्शियम देऊ नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आणि नव्या बंगल्यांतल्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय फाकतात, तिथे जुनी सतरंजी किंवा तागाचं पोतं टाका.

लोकांचे बाकीचे प्रश्न थोडक्यात घेतो. नराचं एकच अंड (वृषण) पिशवीत उतरलंय, जोड चालेल का? पिल्लं होतील, म्हणून जोड लावतात, पण लावू नये. सहा महिन्यांपर्यंत दुसरं उतरलं नाही तर तो आनुवंशिक दोष धरावा. अडकलेल्या अंडाला पुढे गाठ होण्याचा धोका कितीतरी पट असतो, म्हणून दोन्ही काढून टाकावीत. लोक विसरतात ते हे की हा दोष आईकडूनही येतो. तिच्यात तो दिसणार कसा? एका वेतात अशी दोन पिल्लं निघाली तर त्या कुत्रीचंही पुढचं वेत घेऊ नये.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला सबंध अंगभर लूत आली, केस झडले, औषधाने बरी झाली, आता जोड लावू का? डेमोडेक्स नावाच्या किड्याची ही लूत असेल तर नाही. तो किडा जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत असतो, आईकडून पहिल्या दिवसांतच येतो. ज्याच्या प्रतिकारशक्तीत आनुवंशिक उणीव असते त्याच्याच अंगभर तो माजतो. औषधाने कातडी बरी होते, रक्तातली उणीव तशीच राहते.

लुतीवरून आठवलं म्हणून सांगतो. गोचीड-लुतीवर जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचायची सवय आपल्याकडे फार आहे. कॉली आणि तिच्या नात्यातल्या मेंढपाळी जातींत एका जनुकाच्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं लडखडतं, बेशुद्ध होतं, मरूही शकतं. विकत घेताना जात कॉली किंवा कॉलीचा संकर सांगितली असेल तर हे डॉक्टरला आधी सांगा.

पांढरीशुभ्र कुत्री बहिरी निघतात का? काही निघतात. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत तर पिल्लू काही आठवड्यांतच बहिरं होतं. डाल्मेशियनमध्ये हे फार, आणि तमिळनाडूच्या पांढऱ्या राजपालयममध्येही दिसतं. एका कानाने बहिरं असलेलं पिल्लू घरी ओळखू येत नाही, त्यामुळे झोपलेल्या पिल्लामागे ताट वाजवून समाधान मानू नका. आणि ढगाळ ठिपक्यांचा, ज्याला मर्ल म्हणतात, तसा रंग असलेल्या दोन कुत्र्यांची आपसात जोड कधीच लावू नका. सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तो रंग घेतं, आणि अशी पिल्लं पुष्कळदा आंधळी, बहिरी किंवा दोन्ही निघतात. बाजारात हा रंग दुर्मीळ म्हणून जादा पैसे मोजून घेतला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

पग पाळावा का, असं लातूर-नांदेडकडून दर उन्हाळ्यात विचारतात. कुत्रं आपल्यासारखं घामाने गार होत नाही, धापा टाकून होतं. पगचं नाक आपण निवड करून करून इतकं आखूड केलं की हवेची वाटच उरली नाही. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की माझ्याकडे जिभा निळ्या पडलेले पग येतात, काही पोचेपर्यंत गेलेले असतात. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, नाकाड डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड असेल तर त्या कुत्र्याकडून पिल्लं घेता येत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: मराठवाड्यात पगची पैदास करू नये. घरात आधीच असेल तर वजन कमी ठेवा, सकाळ-संध्याकाळच फिरवा.

'गावठी कुत्रा लागला, आता कुत्री बाद झाली, पुढची वेतंही गावठीच होणार' हे मी दर वर्षी ऐकतो आणि या समजापायी चांगल्या कुत्र्या रस्त्यावर सोडलेल्या बघतो. हे साफ खोटं आहे. एका वेताच्या बापाचा पुढच्या वेताशी काही संबंध नसतो. खरं आहे ते वेगळंच: एकाच माजात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. म्हणून ठरवून जोड लावली तरी माज पूर्ण उतरेपर्यंत कुत्री बांधून, बंद दाराआड ठेवा. रक्तस्राव थांबला म्हणजे माज संपला असं नाही, गाभण राहण्याचे दिवस बहुतेकदा तेव्हाच सुरू होतात. आणि भटक्या कुत्र्याशी जोड लागण्यात मला भीती वाटते ती जनन भागावरच्या संसर्गजन्य गाठीची. ती जोडीतून एका कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्यात गेल्याने होते. आनुवंशिक नाही आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या सलाइनने बहुतेक वेळा पूर्ण बरी होते.

'एक वेत तरी झालंच पाहिजे, नाहीतर कुत्री आजारी पडते' हेही खोटं. पिल्लं झालेल्या कुत्रीच्याही गर्भाशयात पुढे पू होतो. तो टळतो तो नसबंदीने, वेताने नाही.

नियमांचं विचारलं नाहीत, पण माहीत असू द्या. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांपुढच्या कुत्रीला जोड लावायची नाही, जन्मात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आपल्याकडे तिसाव्या दिवशी पिल्लं खताच्या पिशवीत घालून जातात आणि पार्व्हो या विषाणूच्या आजाराने मरतात. मग लोक 'जातच नाजूक' म्हणतात. ती जात नाजूक नसते, पिल्लाला लस मिळालेली नसते.

रक्ताची किंवा लाळेची जनुक तपासणी करून घेऊ का, असंही तुमच्या मनात येईल. लॅब्रेडॉरसाठी तिचा चांगला उपयोग होतो. त्या जातीतल्या पीआरएचा एक नेमका दोष ओळखता येतो, व्यायामाने मागचे पाय कोसळण्याचा एक दोषही ओळखता येतो. पण ही तपासणी फक्त त्याच जनुकातली तीच चूक शोधते जी आधी माहीत आहे. कारवानीत दोष दुसऱ्या जनुकात असेल तर अहवाल स्वच्छ येईल आणि पिल्लू तरी आंधळं होईल. त्यामुळे कारवानीसाठी आज सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे डोळ्यांची प्रत्यक्ष पाहणी आणि नात्याची वही.

ती वही आजच सुरू करा. पहिल्या पानावर तुमच्या कुत्रीच्या वेतातली सगळी पिल्लं लिहा, कोणाकडे गेली, आज कशी आहेत. शेवटची ओळ चुलत्याच्या कुत्र्याची: कधीपासून धडकतो, गोचीडताप झाला होता का, रक्त तपासलं का.

तो गोचीडताप किंवा जन्मानंतर जडलेला दुसरा आजार निघाला, तर तुमच्या कुत्रीला पुढच्या माजाला, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांनी, नात्याबाहेरचा वयस्क नर बघू. तोवर ती सव्वादोन वर्षांची होईल, तिच्या अंगालाही ते बरं. आणि आनुवंशिक निघाला तर तिच्याकडून पिल्लं घेऊ नका. नात्याबाहेरच्या स्वच्छ नराशी लावली तर त्या वेतात आंधळं पिल्लू होणार नाही हे खरं, पण तीनातलं एक पिल्लू वाहक असण्याची शक्यता राहील, आणि ती पिल्लं कोणाच्या दारी जाऊन कोणाशी जोडली जातील यावर तुमचा ताबा नसेल. तिची नसबंदी करून घ्या. ती राखणीला तितकीच चांगली राहील, आणि पैदाशीसाठी दुसऱ्या घराण्यातलं एक मादी पिल्लू आणायला मी तुमच्याबरोबर येईन.

नंबर आलेल्या भावाच्या मालकालाही हे कळवा. त्याला राग येईल. तरी सांगा, कारण त्याच्या नराकडे या हंगामात किती माद्या यायच्या आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तपासणीला जाताना चुलत्याचा कुत्रा, तुमची कुत्री आणि जमलं तर तो नंबरवाला भाऊ, तिघांना एकाच गाडीत न्या. पावणेदोन वर्षांच्या वयात ज्याची नजर आज ठीक वाटते, त्याच्याही दृष्टिपटलावर सुरुवात झालेली असू शकते, आणि तिघं शेजारी असले की डॉक्टरला फरक चटकन दिसतो.